मधले चार हजार

नीलम नगरात येमुलांच्या दोन खोल्या,
पुढं मोरी, मागं नळ, चार दिवसांनी पाणी.
किंमत चौदा लाख. चार माझ्याकडे आहेत.
उरलेले दहा
मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे,
पिग्मीच्या पावतीपुस्तकाशेजारी.

बँकेतल्या साहेबांनी खुर्ची दिली, हेच विशेष.
पंधरा वर्षं, साडेनऊ टक्के,
महिना दहा हजार चारशे बेचाळीस.
भाडं? दोन्ही खोल्यांचं मिळून सहा हजार चारशे.
"ते आम्ही अर्धंच धरतो, म्हेत्रे बाई.
भाडेकरू म्हणजे काय, आज आहे..."
आणि बोटांनी हवेत
काहीतरी उडवून दाखवलं.

आमच्या पतसंस्थेचे हत्तुरे म्हणतात,
घरचं सोडून बाहेर कशाला? परवा चेक देतो.
तेरा टक्के, सात वर्षं, महिना अठरा हजार.
अठरा ऐकून मी नुसता चहा संपवला.
एकोणीस वर्षं ह्याच माणसासाठी
दुकानोदुकानी वीस-वीस रुपये गोळा केलेत.
हप्ता चुकला की त्याचा आवाज
किती गोड होतो, मला ठाऊक आहे.

काशिनाथ म्हणतो, पाटल्या ठेव.
ठेवल्या असत्या की.
पण सुनेनं त्या नजरेनं
केव्हाच हातात घालून पाहिल्यात.

खोली बघायला गेले तेव्हा
नरसव्वा दासरी पुढच्या खोलीत विड्या वळत होती.
सुपातून मान वर न काढता म्हणाली,
"तुम्हीच घ्या बाई. माझे तीन लाख ठेवा,
भाडं लावू नका. तीन वर्षांनी
जसेच्या तसे परत द्या."
बिनव्याजी! रिक्षात बसेपर्यंत
मी खोल्यांना रंगही देऊन टाकला.

रात्री पावतीच्या पाठीवर मांडलं :
महिन्याचे बत्तीसशे सोडायचे,
वर्षाचे अडतीस हजार चारशे,
तीन लाखांवर.
तेराला जरा कमी.
म्हणजे पुन्हा हत्तुरेच, फक्त चहा न पाजता.
नरसव्वाला हे कळलं होतं का?
कळलं असणार. रोज हजार विड्या
मोजून देणारी बाई आहे.

पण मला टक्क्यांनी अडवलं नाही.
मागं ती दुसरी संस्था बुडाली,
शटर पडलं, तेव्हा लोक
चेअरमनच्या बंगल्यावर गेले नाहीत,
माझ्या दारात आले.
एक म्हातारी तर काही बोललीच नाही.
पासबुक उंबऱ्यावर ठेवून
उन्हात बसली, दुपारभर.
मी आत भांडी घासत राहिले,
घासलेलीच.
कुणाचं आयुष्यभराचं तंबाखूच्या वासाचं पुडकं
पुन्हा माझ्या डब्यात नको.

तर बँक. काशिनाथची पगारचिठ्ठी,
माझे कमिशनचे कागद, दोन फोटो,
कान दिसतील असे.
नरसव्वाला सांगितलं, डिपॉझिट नको, भाडंच दे.
तिनं एक विडी पुरी केली, धागा गुंडाळला.
"मग दोनशे कमी करा."

हप्त्यातून भाडं वजा जाता मधे राहतात
चार हजार बेचाळीस.
बँक त्याला फरक म्हणते.
मी तीसनं भागलं,
रोजचे एकशे पस्तीस निघाले,
आणि एकदम ओळखीचे वाटले.
एवढे तर भवानी पेठेतला
चहावाला देतो मला, रोज, न चुकता.

नवं पुस्तक काढलं.
खातेदार : प्रमिला काशिनाथ म्हेत्रे.
एजंट : तीच.
कोण कुणाच्या दारात जाणार, हे ठरेना,
म्हणून स्वयंपाकघरातच उभी राहिले,
या हातानं त्या हातात दिले.
मागची खोली रिकामी राहिली तर त्या महिन्याचं काय,
ते अजून कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही.

मग आठवलं, ते दोनशे.
एकशे पस्तीस खोडले,
वर एकशे बेचाळीस लिहिले,
आणि खाडाखोडीवर
नियमाप्रमाणे सही केली.